घड्याळ म्हणतं मी पडलो

डोंगरात एखादी वस्तू बंद पडली तर माझी फार तक्रार नसते. बंद पडली, सॅकमध्ये टाकली, चालायला लागलो, विषय संपला. माझं डोकं फिरतं ते चालू राहून थापा मारणाऱ्या वस्तूंवर, आणि गेल्या काही वर्षांत मुलीने, जावयाने, भाच्याने वाढदिवस म्हणू नका दिवाळी म्हणू नका, माझ्या सॅकमध्ये अशा थापाड्या वस्तूंची चांगलीच भर घातलीये.

म्हातारा माणूस, टेक्नॉलॉजी झेपत नाही असं कोणी म्हणायच्या आत सांगून टाकतो, माझी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. सुरुवातीची वर्षं स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हॉलभर लोखंडी रॅक, त्यात सिलेक्टर बसवलेले, कोणी डायल फिरवली की ते खट खट खट करत वर चढायचे मग आडवे फिरायचे, आणि एखादा अडकला की त्या आवाजातच कळायचं, आम्ही चहा पिता पिता म्हणायचो तिसऱ्या रॅकमधला गेला बघ. बिघाड ऐकू यायचा. पुढे सगळं इलेक्ट्रॉनिक झालं तरी 48 व्होल्टची बॅटरी खालच्या खोलीत असायचीच आणि तिची काय अवस्था आहे हे मीटर लावून रोज वहीत लिहायला लागायचं. त्यामुळे वस्तू आतून कशी चालते हे बघायची खोड लागली ती गेलीच नाही. आता सत्तरीला टेकलोय, गुडघे कुरकुरतात, पण सह्याद्री सुटत नाही.

तर घड्याळाची गोष्ट.

रतनगड ते हरिश्चंद्रगड हा आमचा आवडता रेंज ट्रेक. रतनवाडीच्या अमृतेश्वराला हात जोडून गडावर चढायचं, रात्री गुहेत, सकाळी नेढ्यातला (म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकातला) वारा खाऊन खाली उतरायचं, शिड्यांच्या खाली जंगलात फाटा आहे तिथून कात्राबाईच्या खिंडीकडे वळायचं, मग कुमशेत, मुळेचं पात्र ओलांडून पाचनई, आणि पाचनईतून गड. तरुण पोरं हे धावत करतात, आम्ही साठीपुढची चार डोकी आरामात मुक्काम वाढवून करतो. हिवाळ्यात गेलो होतो, हवा एकदम स्वच्छ, खिंडीतून समोर आजोबा पर्वत असा दिसत होता की फोटो काढायचंही सुचत नव्हतं.

तर त्या खिंडीतून उतरताना कमरेएवढा एक कातळटप्पा आहे, तिथे मी बसून घसरलो आणि शेवटचं हातभर अंतर उडी टाकली, डावा हात दगडावर टेकला जरा जोरात. काही लागलं नाही, खरचटलंही नाही. मग तिथेच दम खात बसलो, पाणी प्यायलो, चिक्की खाल्ली. बस्स एवढंच. पण हातातलं घड्याळ फार हुशार. त्याच्या आत एक सेन्सर असतो जो झटका मोजतो, आधी मोठा झटका आणि मग काही वेळ हालचाल नाही असं दिसलं की त्याच्या मते माणूस पडला. मग ते हातावर थरथरतं, आवाज करतं, तुम्ही ठीक आहात का विचारतं, आणि उत्तर नाही मिळालं की घरच्यांना मेसेज पाठवतं. थंडीमुळे माझ्या अंगात दोन बाह्या, वरून विंडचीटर, आणि कानातलं ऐकू येण्याचं मशीन वाऱ्याला कंटाळून खिशात काढून ठेवलेलं, त्यामुळे त्याने काय विचारलं ते मला काय कप्पाळ कळणार. बरं मेसेज जायला रेंज कुठेय त्या खिंडीत? नाहीच. म्हणून त्याने तो मेसेज जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कोकणकड्यावर. तिथे कोकणाच्या बाजूने रेंजचा एखादा दांडा मिळतो, म्हणून फोन विमान मोडमधून काढला आणि बायकोला "सुखरूप पोचलो, परवा उतरतो" एवढं पाठवलं आणि परत बंद केला, बॅटरी वाचवायला. त्या मिनिटभरात कालचा मेसेजही निघाला. म्हणजे पुण्यात बायकोला गेलं की मी सुखरूप आहे आणि नाशिकला मुलीला गेलं की बाबा जोरात पडलेत आणि प्रतिसाद देत नाहीत, सोबत नकाशा, नकाशात कात्राबाईची खिंड. दोन्ही मेसेज एकाच मिनिटाचे. मुलीने मला फोन लावला तर बंद, बाकीच्या तिघांचे लावले तर नॉट रिचेबल, मग आईला लावला. आई म्हणाली अगं आत्ताच तर त्यांचा मेसेज आला. मुलगी म्हणते आई तो मेसेज दुसऱ्या कोणी त्यांच्या फोनवरून पाठवला असेल, तुला घाबरवायचं नाही म्हणून. आता यावर काय बोलणार! शेवटी बायकोच्या डायरीत कुमशेतच्या मामांच्या मुलाचा नंबर होता, तो राजूरला कामाला असतो, त्याला फोन गेला. तो म्हणाला, "बाबा ना? काल दुपारी आमच्याकडंच जेवून गेले की. आईनी नाचणीच्या भाकरी केलत्या. पडलेबिडले काय नाय, वर आनिक येक भाकर मागून घेतली."

(डोंगरात प्रत्येक गावकऱ्याला मामा म्हणायची आपली पद्धत, हे मामा माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान आहेत आणि मला बाबा म्हणतात. चालायचंच.)

मी घरी पोचल्यावर बायको फक्त एवढंच म्हणाली, "अहो, मी तिला सांगत होते, ते पडले असते ना तर आधी चहा कुठे मिळेल ते विचारलं असतं, मेसेज कसला करतायत." मुलीने मात्र आठवडाभर नीट बोलणं टाकलं होतं, आणि राग घड्याळावर नाही, माझ्यावर. तिचं म्हणणं तुम्ही सेटिंग नीट केलं नाहीत. सेटिंग तिच्या नवऱ्यानेच करून दिलं होतं, पण ते असो.

माझा मुद्दा वेगळाच आहे. मेसेजमध्ये "काल दुपारी 12 वाजता झटका जाणवला होता, तेव्हा रेंज नव्हती, त्यानंतर हा माणूस दीड दिवस चालतोय" असं लिहायला काय हरकत होती? पावलं तर तेच घड्याळ मोजत होतं की! तीसेक हजार पावलं चाललेला माणूस बेशुद्ध आहे असं त्याला कसं काय वाटलं? दोन माहित्या एकाच डबीत, पण एकमेकींशी बोलणं नाही.

उंचीचंही तसंच. आम्ही हरिश्चंद्रगडावर एक दिवस नुसता काढला, केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून शिवलिंगाला प्रदक्षिणा, मंदिर, पुष्करणी, झाडाखाली झोप. सकाळी दहाला तंबूजवळ घड्याळात उंची बघितली, दुपारी चारला परत तिथेच बसून बघितली तर वीस-पंचवीस मीटर वाढलेली. आमचे एक जोशी आहेत (खरं आडनाव नाही), ते म्हणाले गड वर आला असेल. कारण साधं आहे पण दुकानात कोणी सांगत नाही. हे घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज करतं. दाब एक हेक्टोपास्कल (हे दाबाचं माप) घटला की साधारण आठ-नऊ मीटर चढलो असा त्याचा हिशोब. आणि आपल्याकडे, म्हणजे उष्ण कटिबंधात, हवेच्या दाबाला रोज भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, रात्री परत दहाला जास्त, पहाटे चारला कमी. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणजे तुम्ही जागेवर बसून राहा, घड्याळ तुम्हाला दिवसातून दोनदा छोटी टेकडी चढवून उतरवून आणतं. वादळ येणार असेल तर आणखी चढवतं. जुने लोक हाच दाब बघून पाऊस ओळखायचे, म्हणजे माहिती सोन्यासारखी आहे हो, पण घड्याळ ती "उंची 1391" असं शेवटच्या मीटरपर्यंत छातीठोक सांगतं तिथे माझी सटकते. "1370 ते 1410 च्या मधे कुठेतरी" म्हण ना, मी काही रागावणार नाही.

आता फोन. पावसाळ्यात वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढलो होतो, धो धो पाऊस. काचेवर बोट टेकलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि फोनला कळतं, टच स्क्रीनचा सगळा कारभार तेवढ्यावर चालतो, पण पाण्याच्या थेंबाने पण तो बदलतो, त्यामुळे थेंब पडला की फोन म्हणतो बोट लागलं. वीस थेंब, वीस बोटं. नकाशा आपोआप झूम होतो, बंद होतो, मधेच कोणाला तरी फोन लागतो, एकदा तर माझ्या जुन्या साहेबांना लागला आणि ते पलीकडून हॅलो हॅलो करतायत आणि मी ओल्या बोटाने लाल बटण दाबतोय आणि ते दबत नाहीये. शेवटी घाटाच्या वरच्या नळीत कुठेतरी जीपीएस हुकलं. हुकलं तर हुकलं, तसं सांगायचं ना. पण ॲपने जागा माहीत नाही म्हणून शून्य अक्षांश शून्य रेखांश लिहून टाकलं, आणि शून्य-शून्य म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात भर समुद्रात. पुढच्या क्षणी परत नाणेघाट सापडला. संध्याकाळी हिशोब बघतो तर मी त्या दिवशी सोळा हजार किलोमीटरहून जास्त चाललो होतो, आठ-सव्वाआठ हजार जाताना आणि तेवढेच येताना, आणि वर अभिनंदनाचा एक बिल्ला. गुहेत तो सातवाहन काळातला ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत, दोन हजार वर्षांनी लोक ते वाचतात. माझ्या आकड्यांचं काय करायचं ते त्या ॲपलाच माहीत. बिल्ला अजून आहे, काढता येत नाही.

सांदण दरीत तर विचारूच नका. दोन्ही बाजूंनी उभे कातळ, वर आकाशाची एक चीर, उपग्रहाचे सिग्नल कातळावर आपटून वळसा घेऊन येतात आणि निळा ठिपका दरीच्या बाहेर पठारावर मजेत फिरत असतो. पण तिथे निदान एकच वाट, चुकायला जागा नाही. खरी भीती दुसऱ्याच्या ट्रॅकची. नेटवरून उतरवलेली ती रेघ बघून पोरं चालतात, आणि ज्याने ती काढली त्याचाही ठिपका असाच उड्या मारत होता हे कोणाच्या लक्षात येत नाही, मग रेघ सरळ कड्यावरून जाते. आणि उंचीच्या रेषांवर पण भरवसा नको, 1:50,000 च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर, दोन रेषांत 20 मीटरचं अंतर असतं, म्हणजे पंधरा मीटरचा ताशीव कातळटप्पा त्या दोन रेषांच्या मधे आरामात लपून बसू शकतो. कारवीतून अचानक समोर येतो तेव्हा कळतं. टोपोशीट निदान ते लपवत नाही, 20 मीटर असं खाली छापलेलं असतं.

ही टोपोशीटं हल्ली फुकट मिळतात बरं का, सर्व्हे ऑफ इंडियाने 2017 पासून त्यांच्या पोर्टलवर ठेवलीत, खातं उघडून उतरवून घ्यायची. मी ए थ्रीवर प्रिंट काढून लॅमिनेट करतो. आणि आपल्या भागात सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यात जवळपास फरकच नाही, त्यामुळे होकायंत्र नकाशावर ठेवा आणि चाला, बेरीज-वजाबाकी नाही. फक्त कातळाला चिकटवून धरू नका, आपला बेसाल्ट लोहयुक्त, कधी कधी सुईला ओढतो. आणि फोनच्या कव्हरला लोहचुंबकाची कडी असेल तर फोनमधलं होकायंत्र विसरा.

टॉर्चबद्दल माझं बायकोशीही भांडण होतं, ती म्हणते तुम्हाला जुनंच आवडतं. तसं नाहीये. पूर्वीचा दोन सेलचा पितळी टॉर्च असायचा, सेल संपत आले की उजेड पिवळा पडत जायचा, तासभर आधीपासून सांगायचा की बाबा रे आवर आता. आताच्या चांगल्या हेडटॉर्चमध्ये असं सर्किट असतं जे उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवतं. ऐकायला छान. भीमाशंकरहून गणेश घाटाने खांडसला उतरताना गर्द झाडीत अंधार पडला, टॉर्च लख्ख, लख्ख, लख्ख आणि फट्. काही सूचना नाही. चार्जिंगवाला, म्हणजे सेल बदलायची सोय नाही. म्हटलं हरकत नाही, पॉवर बँक आहे, लावली, टॉर्चवर लाल दिवा लागला, वीस सेकंदांनी गेला. परत लावली, परत गेला. जावयाने घेतलेली वीस हजार एमएएचवाली पॉवर बँक, चारही दिवे पेटलेले, म्हणजे पोट भरलेलं, पण द्यायला तयार नाही.

घरी येऊन मीटर लावून बघितलं तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी ओढला गेला की समजतात फोन भरला, आता कोणी जोडलेलं नाही, आणि स्वतःला बंद करतात. टॉर्च, घड्याळ, कानाचं मशीन असल्या बारक्या वस्तू ओढतातच थोडा. उपाय काय, तर त्याच वेळी दुसऱ्या सॉकेटला फोन पण लावून ठेवायचा, म्हणजे ती जागी राहते. काहींमध्ये बटण दोनदा दाबलं की बारक्या वस्तूंसाठीचा मोड चालू होतो, पुस्तिकेत सगळ्यात शेवटी लिहिलेलं असतं, वाचायला भिंग लागतं. आणि ते वीस हजार पण खरे नव्हेत, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचे, बाहेर 5 व्होल्टने देताना गणित केलं की पंधरा हजारांच्या आत आणि गरम होण्यात जातं ते वजा केलं की हातात बारा-तेरा हजार. खोक्यावर मोठ्या अक्षरात वीस, मागे मुंगीच्या अक्षरात खरा आकडा. एक्स्चेंजमध्ये बॅटरीवर असं काही लिहिलं असतं तर इंजिनिअर साहेबांनी खुलासा मागितला असता.

भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने घड्याळाचं रामायण ऐकलं आणि येताना एक छोटं केशरी यंत्र घेऊन येणार म्हणाला, ज्यातून थेट उपग्रहावरून मेसेज जातो, रेंज नको काही नको. मी म्हटलं, अरे राजा, ते इथे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परदेशातून ट्रेकला आलेले लोक विमानतळावर त्यापायी पोलिसांच्या ताब्यात गेलेत, पेपरात येतं. त्याला पटेना, "मामा, इट्स जस्ट अ ट्रेकिंग डिव्हाइस." कायदा 1933 चा वायरलेसचा, आम्ही खात्यात पाठ केलेला, मला काय सांगतोस. नाही आणलं त्याने, त्याऐवजी पाणी शुद्ध करणारा दिवा आणला, त्याचंही चार्जिंग.

नकाशाच्या ॲपने तर कहरच केला. घरून सगळा अकोले तालुका डाउनलोड करून नेला होता, रीतसर, वायफायवर. कुमशेतच्या पुढे उघडतो तर पांढरी पाटी, "तुमचे ऑफलाइन नकाशे रिफ्रेश करण्यासाठी इंटरनेटशी कनेक्ट व्हा." मुदत संपली म्हणे. डोंगर तिथेच, ओढा तिथेच, खिंड तिथेच, मुदत कसली संपते? मामा शेजारी उभे होते, त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काठीने दाखवलं, "बाबा, त्यो जांभळीचा झाड दिसतोय नव्हं, तिथून डावी. उजवीला जनावरांची वाट हाय, ती पान्यावर जाऊन संपती." तिघांनी तीन वेळा विचारलं तरी त्यांनी तेच आणि तसंच सांगितलं, आणि पुढच्या ओढ्यानंतरचं विचारल्यावर म्हणाले, "त्याच्या फुडचं मला नीट ठावं नाय, पेठंच्या वाडीत इचारा."

हे मला फार आवडलं. आख्ख्या ट्रेकमध्ये "मला ठावं नाय" म्हणणारे ते एकटेच.

नाही, एकटेच नाहीत, कानाच्या मशीनला पण मार्क द्यायला हवेत. त्याची बॅटरी म्हणजे ते तपकिरी स्टिकरवालं बटण, झिंक-एअर. स्टिकर सोलला की आत हवा जाते आणि ती जागी होते, मिनिटभर तसंच उघडं ठेवून मग मशीनमध्ये घालायची, म्हणजे जास्त टिकते, डॉक्टर नाही सांगत पण मशीन विकणारा मुलगा सांगतो. घाम आला की कुरकुरतं, वाऱ्यात नुसता घोंघाट, माचीवर उभं राहिलं की कोणी तरी कानात चादर फाडतंय असं वाटतं. पण संपायच्या आधी कानात टुंग टुंग टुंग असं स्वच्छ वाजवतं, थोड्या वेळाने परत वाजवतं, मग बंद होतं. सांगून जातं. बाकी सगळ्यांनी मिळून एवढं शिकलं तरी मी त्यांना माफ करेन.

पुढच्या हिवाळ्यात परत कुमशेतच्या बाजूला जायचं चाललंय, या वेळी आजोबाच्या कड्याकडे. हेडटॉर्च आता सेल बदलता येणारा घेतलाय, साधा, एका पेन्सिल सेलवर चालणारा, आणि दोन सेल जास्तीचे प्लास्टिकच्या डबीत. फोन विमान मोडमध्येच राहील, आजकालच्या बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरी चालतंच, बॅटरी मात्र दोन-दोन दिवस पुरते. घड्याळातलं ते पडण्याचं मात्र मुलीने बंद करू दिलं नाही. तिने त्यात आता कुमशेतच्या मामांच्या मुलाचाही नंबर घातलाय, त्यामुळे मी कुठे जोरात बसलो की राजूरला त्याच्या फोनवर मेसेज जाणार. त्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "येऊद्या बाबा, मी आधी आईला इचारतो जेवले का म्हणून."